सावंत सिस्टर, माझा प्रश्न राहिला

सिस्टर, तुमची बाहुली माझ्याकडेच आहे. उजव्या काखेत उसवली होती. "टाके घालून आण गो, घाई नाय," असं म्हणालात, आणि मी त्यातलं 'घाई नाय' तेवढं मनावर घेतलं. पंधरा दिवस ती माझ्या शबनम पिशवीत पत्रकांच्या गठ्ठ्याखाली पडून होती. तुम्हाला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला टाके घातले. वाकडे आलेत. तुम्ही असतात तर उसवून पुन्हा घालायला लावले असतेत.

तुम्हाला जाऊन आज वीस दिवस झाले. आमच्या कर्मचाऱ्यांच्या समितीच्या बातमीपत्रात तुमच्यावर लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण समितीची सगळी पत्रकं मीच लिहिते. दळवी म्हणाले, "सुमन, अर्ध्या पानात बसव. जन्म, शिक्षण, सेवा, शेवटी अन्यायाचा मुद्दा." दळवी आमचे सरचिटणीस. त्यांच्या हिशेबाने कुठलाही माणूस अर्ध्या पानात बसतो. मी बसवून बघितलं. छपाईच्या तीन स्टेन्सिल फाडल्या. मग म्हटलं, खड्ड्यात गेलं अर्धं पान. जन्म आणि शिक्षण ज्याला हवं त्याने ट्रस्टच्या फायलीत बघावं. मी तुमच्याशी बोलते. बाकीच्यांना ऐकायचं असेल तर ऐकू देत.

पहिला दिवस आठवतो का तुम्हाला? मुलुंडचं आपलं ट्रस्टचं प्रसूतिगृह, दोन मजल्यांचं, आग्रा रोडवरच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या बायका येतात ते. मी नर्सिंगचा कोर्स पहिल्या वर्गात पास होऊन आले होते. टोपीला कडक कांजी, नाक वर. दुपारी कॅन्टीनमध्ये चहा घेऊन बसले, तोच मांडीवर काहीतरी जड येऊन पडलं. चहा युनिफॉर्मवर. बघते तर कापडाची बाहुली. आणि समोर तुम्ही, कमरेवर हात ठेवून.

"रडत नाही. कर," म्हणालात.

मी म्हटलं, "काय करू?"

"बाळ झाला, रडत नाही. कर."

"डॉक्टरांना बोलावते."

"डॉक्टर जेवूक गेले. कर!"

सगळं कॅन्टीन बघत होतं. मी बाहुलीचे पाय धरले, उलटी टांगली आणि दोन चापट्या मारल्या. कुठेतरी बघितलं होतं तसं. तुम्ही डोळे मिटलेत. "मेलां ता," म्हणालात. "पुसलंस? ओला पोर, वर पंखो. गार पडला. आधी पूस. कोरड्या फडक्यात गुंडाळ. मग तोंड साफ कर, मग नाक. आधी तोंड. लक्षात रवतला?"

माझे कान लाल. पहिला वर्ग तिथेच चहात बुडाला. मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले असेन, कारण तुम्ही खुर्ची ओढून माझ्यासमोर बसलात आणि म्हणालात, "रागावू नको. आता तू माका इचार."

"मी? तुम्हाला?"

"मग? इचारणाऱ्यान सुटूचा नाय. एक माझा, एक तुझा."

मी रागाच्या भरात पुस्तकातला सगळ्यात किचकट प्रश्न काढला. कुठल्या तरी नव्या औषधाचा डोस. तुम्ही क्षणभर विचार केलात आणि साधं सरळ म्हणालात, "येत नाय." तळहातावर पेनाने औषधाचं नाव लिहून घेतलंत. दुसऱ्या दिवशी लेबर रूमच्या दारात मला अडवून डोस सांगितलात, वर विचारलंत, "बरोबर?" एकोणीस वर्षं नोकरी झालेली सिस्टर काल आलेल्या पोरीला विचारतेय, बरोबर का म्हणून. मी मान हलवली. खरं सांगू? तोवर मी स्वतःच विसरले होते.

ती बाहुली तुम्ही युनिफॉर्मच्या जुन्या पांढऱ्या साडीची शिवली होती. आत चिंध्या आणि वाळूची पुरचुंडी, वजन बरोबर अडीच किलो भरावं म्हणून. मान मुद्दाम ढिली, हात नीट लावला नाही की लटकायची. नाळ परकराच्या नाडीची. डोळे काळ्या दोऱ्याचे. तोंड नाहीच. मी विचारलं होतं, "तोंड का नाही घातलंत?" तर म्हणालात, "रडला की घालीन." सहा वर्षांत आम्ही कुणीच तिला नीट रडवलं नाही बहुतेक.

किती ठिकाणी परीक्षा घेतलीत माझी! बस स्टॉपवर. इंजेक्शनच्या काचेच्या सिरिंजा उकळायला टाकल्या की त्या खडखडाटात. भाद्रपदात गावाहून आलात की गुळातलं खाजं आणायचात, आणि एक तुकडा म्हणजे एक प्रश्न असा भाव असायचा. आणि ते मुलुंडच्या बाजारातलं, मासळीवालीसमोर! हातात बांगडा धरून त्याचा कल्ला बघता बघता मला विचारलंत, "पोटातल्या पोराचे ठोके मिनिटाक किती?" मी म्हटलं, "एकशेवीस ते एकशेसाठ." मासळीवाली पाटीवरून ओरडली, "अगो बाय, एकशेवीस कोण मागतंय? दहाला घेऊन जा वाटा!" तुम्ही इतक्या हसलात की बांगडा पाटीत परत पडला. मग तुमचं ठरलेलंच, "आता तुझा." मी म्हटलं, "बांगडा ताजा कशावरून ओळखायचा?" तुम्ही म्हणालात, "ह्यो प्रश्न माका नको, तुका येणा नाय म्हणून इचारतंस." खरं होतं.

मला तेव्हा वाटायचं, म्हाताऱ्या सिस्टरची ही हौस आहे. तुम्ही आम्हाला रोज थोडं थोडं तपासत होतात आणि रोज स्वतःला तपासून घेत होतात, हे मला दिसलंच नाही. मी बघत होते दुसरीकडे. मी समितीत गेले होते.

समितीची खोली घाटकोपरला, पिठाच्या गिरणीच्या वर. आपली पत्रकं नेहमी थोडी पिठाळ असतात ती त्यामुळे. तिथे मी छपाईची सायक्लोस्टाईल मशीन चालवायला शिकले, आणि त्याहून जास्त, मथळा द्यायला शिकले. मथळा म्हणजे एक थोबाडीत. वाचणारा हलला पाहिजे. मी चांगल्या थोबाडीत मारते असं दळवी सगळ्यांना सांगायचे, आणि मला त्याचा अभिमान होता. अजूनही आहे. खोटं कशाला बोलू?

मग ट्रस्टचं ते परिपत्रक आलं. लेबर रूममध्ये काम करणाऱ्या प्रत्येक सिस्टरने दर तीन वर्षांनी परीक्षा द्यायची. पास झाली तर दाखला पुढे चालू. दोनदा नापास झाली तर लेबर रूम बंद, पगाराची श्रेणी खाली. पेपर इंग्रजीत, चार उत्तरांतलं एक निवडायचं. निकाल नोटीस बोर्डावर. आणि डॉक्टरांना? डॉक्टरांना काही नाही. डॉक्टर जन्माला येतानाच पास होऊन येतात!

मी पेटले. आजही पेटते. ज्या बाईने मराठीत शिक्षण घेतलं, मराठीत कळा ऐकल्या, मराठीत "जोर लाव गो" म्हणून ओरडली, तिची लायकी इंग्रजी कागदावर ठरवणार कोण? ज्याने गेल्या दहा वर्षांत एक नाळ बांधली नाही तो? मी त्याच दिवशी मागणी लिहून काढली: फेरपरीक्षा रद्द करा.

तुम्हाला वाचून दाखवली. आपण ड्यूटी संपवून पाच रस्त्याच्या चौकाकडे चाललो होतो. तुम्ही म्हणालात, "रद्द कशाक?"

"कशाक म्हणजे? अन्याय आहे, सिस्टर!"

"कागद अन्यायाचो आसा. परीक्षा नाय."

"तुम्ही ट्रस्टची बाजू घेताय?"

"मी बाळंतिणीची बाजू घेतंय," म्हणालात. "तिका काय ठाऊक, तिच्या पायथ्याक उभी रवलेली बाई काय शिकली आणि कधी शिकली? कोणीतरी इचारूक व्हया गो. दर तीन वर्षांनी कशाक, दर वर्षी इचारा. पण हातान इचारा. आणि सगळ्यांक इचारा."

मी म्हटलं, "हे असं 'पण' आणि 'आणि' घालून पत्रक होत नाही. लोकांना एक वाक्य लागतं."

तुम्ही थांबलात. रस्त्यात, सायकली चुकवत. "मग लोकांक खोटा एक वाक्य देतलंस?"

मी चिडून पुढे निघून गेले. ते भांडण आपलं तिथेच राहिलं, पाच रस्त्यावर. नंतर दहा वेळा उकरलं, पण संपवलं कधीच नाही.

परीक्षा झाली. तुम्हाला शंभरात एकतीस मिळाले. बोर्डावर नावासकट, टाचणी लावून. मी ट्रस्टच्या ऑफिसातून भांडून तुमचा पेपर बघायला मिळवला, तो प्रसंग मरेपर्यंत विसरणार नाही. प्रश्न होता: बाळंतपणानंतर जास्त रक्त जातंय, सर्वांत आधी काय कराल? चार पर्याय. गर्भाशय चोळणं, डॉक्टरांना बोलावणं, लघवी काढणं, वार पूर्ण पडली का ते बघणं. एकावर खूण करायची होती. तुम्ही खूण केलीच नव्हती. चारहींपुढे आकडे घातले होते, एक, एक, दोन, तीन. पहिल्या दोन्हींना एकच! आणि समासात मराठीत बारीक अक्षरात लिहिलं होतं: "पहिली दोन एकाच वेळी. हात पोटावर, तोंडाने हाक. एकावर थांबलात तर बाई जाईल."

त्यावर लाल रेघ. शून्य. खाली शेरा, उत्तर इंग्रजीतच लिहावे.

सिस्टर, मी त्या ऑफिसात उभी राहून रडले. अशी चूक फक्त तीच बाई करू शकते जिने ते काम केलंय. पेपर काढणाऱ्याला एक उत्तर हवं होतं. तुम्हाला ती बाई जगायला हवी होती.

आणि मग मी काय केलं, ते इथे सगळ्यांसमोर लिहायलाच पाहिजे.

मी थेट घाटकोपरला गेले, स्टेन्सिल लावली आणि मथळा मारला: "पंचवीस वर्षं सेवा केलेल्या सिस्टर नापास! ही परीक्षा की थट्टा?" खाली लिहिलं: मुलुंडच्या सर्वांत जुन्या सिस्टरना शंभरात एकतीस. नाव घातलं नाही. नाव घातलं नाही म्हणून मी स्वतःला फार शहाणी समजत होते. मुलुंडच्या सर्वांत जुन्या सिस्टर किती होत्या? दोन हजार प्रती काढल्या. कारखान्यांच्या गेटवर, शिफ्ट सुटताना, मी स्वतः वाटल्या. ज्यांच्या बायका आपल्याकडे येतात त्यांच्याच हातात.

चौथ्या दिवशी एक बाई सुनेला घेऊन आली. सुनेला कळा सुरू. तुम्ही पुढे झालात, हसलात, ओळखलंत. "बाबी कसो आसा?" विचारलंत. कारण तिचा बाबी, म्हणजे त्या सुनेचा नवरा, तुमच्याच हातावर झाला होता. ती बाई खाली बघायला लागली. मग तिने पदराची गाठ सोडली, आतून आमचं पत्रक काढलं, आणि टेबलापाशी बसलेल्या दुसऱ्या सिस्टरला म्हणाली, "त्या एकतीसवाल्या सिस्टर नकोत हो आमच्या सुनेला. दुसरं कोणी द्या."

मी तिथेच होते. ड्रेसिंगचा ट्रे हातात. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. तुम्ही त्या सुनेच्या पाठीवरून एकदा हात फिरवलात आणि लेबर रूमच्या बाहेर जाऊन उभ्या राहिलात. दाराबाहेर. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

तशा आणखी दोघी आल्या. मग ट्रस्टने तुम्हाला खाली केसपेपर काढायच्या खिडकीत बसवलं. नाव, वय, पत्ता, कितवी खेप. नियमात हे नव्हतं. एकदा नापास झालेल्या सिस्टरला दुसऱ्या परीक्षेपर्यंत लेबर रूममध्ये राहता येत होतं. म्हणजे तुम्हाला ट्रस्टच्या परीक्षेने बाहेर काढलं नाही. माझ्या पत्रकाने काढलं.

आठवडाभर मी तुमच्या खिडकीसमोरून जायचं टाळलं, मागच्या जिन्याने वर चढायची. मग एका दुपारी तुम्हीच हाक मारलीत, "काय गो, चोरासारखी कित्याक जातंस? ये, जेव." डबा उघडला. कुळथाची पिठी आणि भात. मी म्हटलं, "सिस्टर, मी नाव घातलं नव्हतं."

तुम्ही घास खाल्लात, पाणी प्यायलात, आणि म्हणालात, "माझे मार्क माझे होते."

एवढंच. आवाज चढवला नाहीत. आवाज चढवला असतात तर मी भांडले असते, ते मला येतं.

मग तुम्ही ती गोष्ट सांगितलीत. खिडकीसमोर कोणी नव्हतं, बाहेर बाकावर एक गरोदर बाई झोपली होती. तुम्ही म्हणालात, तुम्ही शिकलात तेव्हा न रडणाऱ्या बाळाला गरम आणि गार पाण्यात आलटून पालटून बुडवायला शिकवत. तेव्हा तेच बरोबर होतं. पुढे ते चुकीचं ठरलं, पुस्तकं बदलली. तुमच्यापर्यंत कोणी सांगायला आलं नाही. तुम्ही तसंच करत राहिलात, कित्येक वर्षं. बरीच मुलं रडली, म्हणून वाटायचं, बरोबरच आहे. मग एक मूल आलं, अशक्त, अपुऱ्या दिवसांचं. तुम्ही त्याला गार पाण्यात घातलंत.

डब्याचं झाकण लावत बसलात. मग म्हणालात, "माका कोणी इचारूकच नाय गो. कोणी एकदा इचारला असता, सिस्टर, पोर रडना नाय तर काय करतास, तर मी सांगला असतंय, आणि तो माका म्हणाला असता, बाय, चुकलंस. एक प्रश्न. एका प्रश्नान ता पोर वाचला असता."

बाहुली का शिवलीत ते मला त्या दिवशी कळलं.

मी माफी मागितली नाही. तोंडात आली होती. पण मी काय म्हणाले माहीत आहे? "सिस्टर, हे तुम्ही समितीसमोर बोलाल का?" अशी मी. तरीही तुम्ही आलात. घाटकोपरचा तो अरुंद जिना चढलात, गुडघे धरून. पिठाने माखलेल्या टेबलावर बाहुली ठेवलीत. दळवी म्हणाले, "बाई, हे काय आणलंत?" तुम्ही म्हणालात, "तुमच्या मागणीचो मसुदो." सगळे हसले. मग तुम्ही बोलायला लागलात आणि हसायचे थांबले. तुम्ही म्हणालात, परीक्षा ठेवा, पण ज्याच्या हातात काम त्याच्या हाताला विचारा, त्याच्या भाषेत. विचारणारा काम करणारा असू दे. डॉक्टर असो की आया, बाळंतिणीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला विचारा. मार्क ज्याचे त्याला सांगा, बोर्डावर टाचणीने मारू नका. "आणि नापास झाला तेका शिकवूक बसवा," म्हणालात, "केसपेपरच्या खिडकीत बसवून माका काय येतला? लोकांची नावा?"

दळवींनी मला हळूच विचारलं, "याचा मथळा काय करशील?" मला सुचला नाही. आम्ही मथळ्याशिवाय मागणीपत्र दिलं. बोलण्याच्या तीन फेऱ्या झाल्या, दोनदा आम्हाला बाहेर बसवून ठेवलं, पण ट्रस्टने एकदा करून बघायचं कबूल केलं. हाताची परीक्षा, मराठी चालेल, निकाल बंद पाकिटात. डॉक्टरांचं मात्र नाही. "तो विषय वेगळा," म्हणाले. वेगळा कसा ते अजून कोणी सांगितलेलं नाही. आम्ही विचारत राहू.

परीक्षेला बसणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव तुमचं. तुम्ही खूश होतात. खिडकीत बसून केसपेपर लिहिता लिहिता ओठ हलायचे, उजळणी चालली असायची. मी म्हटलं, "तुम्हाला कशाला उजळणी?" तर म्हणालात, "पंचवीस वर्सा झाली म्हणूनच."

शेवटच्या दिवशी आपण आग्रा रोडच्या बस स्टॉपवर उभ्या होतो. तुम्ही मला विचारलंत, वार अडकली तर नाळ ओढायची का. मी म्हटलं, नाही, वाट बघायची, पोटावर हात ठेवायचा, ओढायची नाही. "बरोबर," म्हणालात. माझा नंबर होता. मी विचारायला तोंड उघडलं आणि बस आली. तुम्ही पायरीवर चढून मागे वळलात. "तुझो प्रश्न रवलो. उद्या इचार."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी भरताना तुमच्या छातीत कळ आली. परीक्षेला बारा दिवस होते. ट्रस्टच्या कागदावर तुम्ही अजूनही एकतीसवरच आहात. हे मला सहन होत नाही, आणि ते बदलायला आता काही करता येत नाही.

परीक्षा झाली, सिस्टर. त्या रविवारी. यादीतून तुमचं नाव काढायचं कोणालाच सुचलं नव्हतं. कारकुनाने पहिलंच पुकारलं, "सावंत प्रभावती." मीच म्हटलं, "गैरहजर."

चार टेबलं, मधे वॉर्डातले पडदे, चार डॉक्टर परीक्षक. ट्रस्टने मॉडेल मागवलं होतं ते आलंच नाही. मग तुमची बाहुली या टेबलावरून त्या टेबलावर फिरली, माझ्या वाकड्या टाक्यांसकट. मी चारही टेबलांवर गेले. एका टेबलावरच्या डॉक्टरांनी बाहुली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "रडत नाही. करा." मी पुसली, गुंडाळली, आधी तोंड, मग नाक. त्यांनी मान डोलावली. मी उठायला हवं होतं. उठले नाही. मी बाहुली त्यांच्यासमोर धरली.

"आता एक तुमचा, डॉक्टर. विचारणाऱ्याने सुटायचं नाही."

ते हसले. मग मी हसत नाही हे बघून थांबले. पडद्याच्या आत आम्ही दोघंच. त्यांनी बाहुली घेतली, पाय धरले, उलटी टांगली आणि एक चापट मारली.

मला कॅन्टीन आठवलं. माझा सांडलेला चहा आठवला. माझ्या तोंडावर दिसलं असणार. ते बाहुली खाली ठेवत म्हणाले, "आम्ही शिकलो तेव्हा असंच होतं." आणि मग, "मला त्यानंतर कुणी विचारलंच नाही."

सिस्टर, तुमचेच शब्द. तुमचेच.

मी त्यांना दाखवलं. आधी पुसा. गुंडाळा. त्यांनी बाहुली परत उचलली आणि सगळं नीट केलं, मानेला हात देऊन. मग मला विचारलं, "किती मार्क?" मी म्हटलं, "तुमचे मार्क तुमचे. मी कुणाला सांगणार नाही."

बाहेर आले तर दळवी फाटकाशी उभे. "काय गं, काही मसाला मिळाला की नाही?" मथळा डोक्यात केव्हाच तयार होता. असा मथळा मला पुन्हा मिळणार नाही. मी म्हटलं, "नाही." आणि मागच्या जिन्याने वर जाऊन बाहुली तुमच्या लेबर रूममधल्या कपाटात ठेवली. दोन दिवसांनी परत आणली. राहवलं नाही.

हे वरचं इथे छापलंय म्हणून कोणी म्हणेल, बघा, शेवटी लिहिलंसच. लिहिलं, पण त्याआधी मी त्या डॉक्टरांकडे गेले. समोर बसले आणि विचारलं, हे लिहू का? त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "लिहा. नाव नको." म्हणून चौघांतले कोणते, ते मी कधीच कुणाला सांगणार नाही. दळवींनाही नाही.

तिथून उतरताना जिन्यात थांबले, कठड्याला धरून. विचारायला किती वेळ लागला होता? एक मिनिट. तुमची लेबर रूम वाटेतच होती, वर-खाली जाता-येता. तुमचा डबा रोज एक वाजता उघडायचा. मला एक मिनिट मिळालं नाही, घाटकोपरची मशीन गाठायची घाई होती.

बस स्टॉपवर माझा प्रश्न राहिला. तुम्ही उद्या इचार म्हणाला होतात. तेव्हा मी एखादा डोस, एखादा आकडा विचारणार होते. आता दुसरा प्रश्न आहे, तो त्याच्याही कितीतरी आधी विचारायचा होता. तेव्हा मी तुमचा पेपर बघून ऑफिसातून खाली आले होते, आणि तुम्ही समोरच होतात, कोणाच्या तरी बाळाच्या टोपड्यांच्या घड्या घालत.

सिस्टर, तुमचे मार्क छापू का?